पडद्यावरचा समुपदेशक: ‘डिअर जिंदगी’ आणि इतर काही चित्रपटांतल्या उपचारांचं परीक्षण

ठाणे आणि नवी मुंबईत समुपदेशनाला पहिल्यांदा येणाऱ्या विशी-तिशीतल्या मुलामुलींच्या मनात उपचाराचं जे चित्र असतं, ते बऱ्याचदा ‘डिअर जिंदगी’तून आलेलं असतं. गोव्याचा समुद्र, मोकळाढाकळा डॉक्टर, मनाला भिडणारं एखादं वाक्य, मग रडू आणि मग हलकं हलकं वाटणं. गौरी शिंदे यांचा हा चित्रपट नोव्हेंबर २०१६ मध्ये आला, पण घराघरांत मोबाईलवर तो अजूनही नव्याने पाहिला जातो. म्हणून त्याचं परीक्षण आजही करण्यासारखं आहे. अभिनय, गाणी, छायाचित्रण यांबद्दल आधीच भरपूर लिहून झालंय. इथे प्रश्न वेगळा आहे: पडद्यावर दाखवलेली ही सेवा उद्या नौपाड्यात किंवा वाशीत खरोखर मिळाली, तर ती कशी ठरेल?

निकाल आधीच सांगतो. समुपदेशक माणूस म्हणून खरा उतरलाय, उपचाराची चौकट ढिली आहे, आणि उपचाराचा मधला सगळ्यात मोठा भाग चित्रपटात जवळजवळ नाहीच.

चांगल्याची किंमत कळण्यासाठी आधी काय होतं ते आठवायला हवं. आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या हशा मिळवत आलंय. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, म्हणजे या शहराच्या नावाला चिकटलेली ही थट्टाही तितकीच जुनी असणार. हिंदी चित्रपटांत मनोरुग्णालय म्हणजे खलनायकाने नायिकेला डांबायची जागा, नाहीतर विनोदी पात्रांचा घोळका. या पार्श्वभूमीवर कायरा (आलिया भट) नोकरी-व्यवसायात हुशार आहे, मित्रमैत्रिणींत रमणारी आहे, कॅमेऱ्यामागे उभी राहून काम करणारी आहे, आणि तरी ती स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे जाते. तिला कुणी ओढत नेत नाही, तिच्यावर ‘वेडी’ असा शिक्का बसत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी हा चित्रपट मोठ्या आदराला पात्र आहे.

डॉ. जहांगीर खान ऊर्फ जग (शाहरुख खान) यांचं काम बारकाईने पाहिलं, तर पहिली उजवी बाजू दिसते ती घाई नसण्याची. ते पहिल्याच भेटीत निदान चिकटवत नाहीत. कायरा चेष्टा करते, विषय टाळते, चिडते, आणि ते तिला टाळू देतात. खऱ्या खोलीतही सुरुवातीच्या दोन-तीन भेटींत एवढंच साधायचं असतं: समोरच्याला परत यावंसं वाटलं पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे खुर्चीचं उदाहरण. खुर्ची विकत घेण्याआधी आपण अनेक खुर्च्यांवर बसून बघतो, मग जोडीदार निवडताना तसं केलं तर अपराधी का वाटावं, हा प्रश्न उपदेश न करता एक घट्ट समजूत सैल करतो. चांगला समुपदेशक हेच करतो. नातं तोडावं की ठेवावं हे सांगत नाही, त्यामागचा नियम कुठून आला ते विचारायला लावतो. आणि आईवडिलांच्या बाबतीत जग ‘त्यांना माफ कर’ असा हट्ट धरत नाही. तीही साधी, चुकणारी माणसं आहेत एवढं दाखवून थांबतो. आपल्या घरांत ‘शेवटी आईवडील आहेत ते’ या वाक्याने किती मुलांची तोंडं बंद होतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या थांबण्याचं मोल कळेल.

सगळ्यात उत्तम भाग शेवटचा. उपचार संपताना कायरा आपली ओढ बोलून दाखवते आणि जग हळुवारपणे, पण निःसंदिग्ध नकार देतो. उपचारात अशी ओढ निर्माण होणं अगदी नेहमीचं आहे. ज्याच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा मन उघडलं, त्याच्याबद्दल प्रेम वाटणारच. त्या भावनेला लाजवायचं नाही आणि तिचा फायदाही घ्यायचा नाही, ही कसरत चित्रपटाने दोन-तीन मिनिटांत अचूक दाखवली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची आचारसंहिता उपचार चालू असताना लैंगिक संबंधांना पूर्ण मनाई करते आणि उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षं. त्यानंतरही अगदी अपवाद म्हणूनच. आपल्याकडेही व्यवसायाचा पाया हाच आहे. याच्या शेजारी असित सेन यांचा ‘खामोशी’ (१९६९) ठेवून पाहा. तिथे परिचारिका राधाला (वहिदा रहमान) रुग्ण बरा व्हावा म्हणून प्रेमाचं नाटक करायला सांगितलं जातं, आणि शेवटी तीच कोसळते. चित्रपट म्हणून तो करुण आणि देखणा आहे. उपचारपद्धती म्हणून ती दोघांवरही क्रूरता आहे, आणि हे चित्रपटालाही कळलेलं आहे. म्हणूनच तो आजही टिकतो.

आता चौकट. समुद्रकिनारी फिरत, लाटांशी कबड्डी खेळत, सायकलवर बसून होणाऱ्या भेटी पाहायला प्रसन्न वाटतात. पण हीच भेट ठाण्याच्या तलावपाळीवर घेऊन पाहा. संध्याकाळी सातला मासुंदा तलावाभोवती एक फेरी मारली की सोसायटीतले दोघे, शाळेतल्या एक बाई आणि नात्यातलं एखादं माणूस भेटणारच. वाशीच्या सागर विहारला किंवा नेरूळच्या ज्वेलला, म्हणजे तिथल्या फिरायच्या जागांवरही, वेगळं काही होणार नाही. ‘हे कोण?’ या एका प्रश्नाने गुप्तता संपते. चालत चालत समुपदेशन करणारे व्यावसायिक आहेत, पण ते त्याआधी लेखी संमती घेतात, ओळखीचं कुणी भेटलं तर काय बोलायचं ते ठरवून घेतात आणि मार्ग निर्जन निवडतात. आपल्याकडची बरीच समुपदेशन केंद्रं निवासी इमारतीतल्या वन बीएचकेमध्ये चालतात. तिथे खरी कसोटी असते ती दाराच्या फटीची. बाहेर बसलेल्याला आतला आवाज ऐकू येतो का? म्हणून बाहेरच्या खोलीत पंखा किंवा मंद संगीत चालू ठेवतात आणि दोन भेटींमध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवतात, म्हणजे बाहेर पडणारा आणि आत येणारा समोरासमोर येत नाहीत. हे कंटाळवाणं वाटेल, पण माणूस मोकळेपणी बोलतो तो या व्यवस्थेच्या भरवशावर.

पहिल्या भेटीत प्रत्यक्ष काय होतं, हेही पडद्यावर क्वचितच दिसतं. भेट साधारण ४५ ते ६० मिनिटांची असते. सुरुवातीला संमतिपत्र असतं: फी किती, आयत्या वेळी न आल्यास काय, नोंदी कुठे ठेवल्या जातात, आणि गुप्ततेच्या मर्यादा कोणत्या. ही शेवटची बाब महत्त्वाची. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर समुपदेशकाला ते स्वतःपाशी ठेवता येत नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. मग इतिहास: झोप, भूक, वजन, चालू औषधं, दारू-तंबाखू, घरात कुणाला मानसिक आजार होता का. थायरॉईड आणि बी-१२ च्या तपासण्या झाल्यात का हेही विचारलं जातं, कारण थकवा आणि उदासी तिथूनही येऊ शकते. जग स्वतःच्या घटस्फोटाबद्दल बोलतो, ते मात्र काठावरचं आहे. समुपदेशकाने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट समोरच्याच्या उपयोगाची असेल आणि दोन वाक्यांत संपत असेल, तर चालते. त्याहून लांबली तर खुर्च्यांची अदलाबदल होते आणि फी भरणारा माणूसच सांत्वन करायला लागतो.

खरी तक्रार यापुढची आहे. चित्रपटाची रचना एका गुपिताकडे धावते. आईवडील परदेशी असताना लहानग्या कायराला आजीआजोबांकडे ठेवलं होतं, ती जखम उघडते, ती रडते, आणि गाठ सुटते. ‘गुड विल हंटिंग’मध्येही (१९९७) तेच: एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं जातं आणि तरुण ढसाढसा रडून मोकळा होतो. (त्याच चित्रपटात पहिल्याच भेटीत समुपदेशक त्याचा गळा धरतो. असं कुठे झालं, तर तो परवाना जाण्याचा विषय आहे.) रडणं खोटं नाही, ते घडतं. पण रडण्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस त्याच सवयींसह उठतो. चित्रपट पाहून आलेल्यांची अपेक्षा असते की दोन भेटींत ती जुनी आठवण सापडेल. ती सापडली नाही तर वाटतं उपचार फसला, आणि सापडली तर वाटतं काम झालं. दोन्ही बाजूंनी माणूस तिसऱ्या-चौथ्या भेटीला येत नाही. गळतीचं हे मोठं कारण आहे.

कायराचीच केस प्रत्यक्षात कशी हाताळली जाईल ते पाहू. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली, त्यामुळे ठाणे-मुंबई-पुण्याकडचे अनेक समुपदेशक तिच्या अंगाने विचार करतात. एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केली. कायराच्या आयुष्यात एकच आकृती परत परत उमटते: नातं जरा घट्ट होऊ लागलं की ती स्वतःच ते मोडते. या पद्धतीत ते कागदावर मांडतात. ‘ए’ म्हणजे घटना: त्याने दिवसभर फोन केला नाही. ‘सी’ म्हणजे परिणाम: धडधड, संताप, आणि रात्री ‘संपलं आपलं’ असा मेसेज. बहुतेकांना वाटतं ‘ए’मुळे ‘सी’ झालं. मध्ये ‘बी’ असतो, तो शोधायचा: ‘हा मला सोडणारच. त्याने मला सोडता कामा नये. सोडलं तर मी सहन करू शकणार नाही आणि माझी काही किंमतच नाही हे सिद्ध होईल.’ ही चार वाक्यं तोंडातून यायलाच दोन-तीन भेटी जातात, कारण ती इतकी सवयीची असतात की विचार म्हणून ओळखूच येत नाहीत.

मग एकेका वाक्याची उलटतपासणी. ‘सोडणारच’ याला पुरावा काय? ‘सोडता कामा नये’ हा नियम दुनियेवर कुणी लादला? ‘सहन होणार नाही’ म्हणताना याआधी काय काय सहन झालं आहे? आणि एका माणसाच्या जाण्याने सगळ्या माणसाची किंमत कशी ठरते? त्यातून पर्यायी वाक्य तयार होतं: ‘त्याने राहावं असं मला फार वाटतं. गेला तर खूप दुखेल, पण मी उभी राहीन.’ हे वाक्य पटणं आणि अंगवळणी पडणं यांत महिन्यांचं अंतर असतं. ते गृहपाठाने कापायचं. रोज रात्री दहा मिनिटं डायरीत त्या दिवसाचा एक प्रसंग ए-बी-सीमध्ये लिहायचा. आठवड्यातून एकदा जाणूनबुजून छोटी जोखीम घ्यायची, म्हणजे फोन आला नाही तरी स्वतःहून चोवीस तास काही न तोडणं, आणि त्या वेळात चिंता दहापैकी किती होती ते दर दोन तासांनी टिपणं. आकडा आठवर चढतो आणि कुणी काही न करताही हळूहळू उतरतो, हे स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं दिसतं तेव्हा जो फरक पडतो, तो कुठल्याही सुंदर वाक्याने पडत नाही. अशा पद्धतींमध्ये साधारण १२ ते २० भेटी धरल्या जातात, आठवड्याला एक. मध्येच पुन्हा घसरण होते, पाचव्या-सहाव्या भेटीला ‘काहीच बदलत नाहीये’ असं वाटतं, गृहपाठ राहून जातो. तो का राहिला यावरच मग एक भेट जाते. डायरी, आकडे, घसरण यांतलं काहीच चित्रपटात नाही. त्याचं नाट्य होत नाही असंही नाही. चिंतेचा आकडा उतरताना पाहणारा कायराचा चेहरा हे आलिया भटसाठी किती मोठं दृश्य झालं असतं!

झोपेचंही तसंच. कायरा येते ती मुळात झोप लागत नाही म्हणून, पण झोपेवर वेगळं काम कुठेच दिसत नाही. निद्रानाशावर ठरलेली कृती असते: दोन आठवडे झोपेची नोंद, रोज उठण्याची एकच वेळ (रविवारीही), वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात बसणं, अंथरुणात मोबाईल नाही, दुपारनंतर चहा-कॉफी नाही. पहिल्या आठवड्यात माणूस जास्तच थकतो आणि तिथेच सोडून देतो. हे आधी सांगितलं नाही तर पद्धत फसते.

औषधांबद्दल हिंदी चित्रपटांची टोकं दोनच: दंडात इंजेक्शन आणि माणूस आडवा, किंवा ‘गोळ्यांची गरज नाही, प्रेम पुरे’. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवाव्या लागतात, आणि डॉक्टरला न विचारता एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, आजार उलटणं हे सगळं होऊ शकतं. शॉक ट्रीटमेंटचं चित्रण याहून वाईट आहे. पट्ट्यांनी बांधलेला, शुद्धीत असलेला, किंचाळणारा माणूस ही प्रतिमा इतकी घट्ट आहे की खऱ्या गरजेच्या वेळी घरचे लोक संमतीच देत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला बंदी आहे. प्रत्यक्षात रुग्ण झोपलेला असतो, विद्युतप्रवाह काही सेकंदांचा, मेंदूतला झटका मिनिटभराच्या आसपास, आणि आठवड्याला दोन-तीन अशा साधारण सहा ते बारा खेपा. काही काळ विसराळूपणा येतो, तेही आधी सांगतात. तीव्र नैराश्यात, विशेषतः माणसाने खाणंपिणं सोडलेलं असताना, तो जीव वाचवतो.

‘भूल भुलैया’वर (२००७) फार वेळ घालवायची गरज नाही. मूळ मल्याळम ‘मणिचित्रताळ’वरून (१९९३) घेतलेल्या या कथेत मानसोपचारतज्ज्ञ पुतळ्याचा वध घडवून दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व एका रात्रीत जोडतो. भूतबाधेऐवजी आजार आहे हे ठामपणे म्हणणं ही त्याची जमेची बाजू. पण उपाय शेवटी मांत्रिकाचाच, फक्त पदवी लावून.

मराठीकडे वळलं की श्वास मोकळा होतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) अतुल कुलकर्णींचा शेष स्किझोफ्रेनियाशी झुंजतो, आणि चित्रपटाचं अर्धं लक्ष त्याच्या बहिणीवर (सोनाली कुलकर्णी) असतं. काळजी घेणाऱ्याची दमछाक, अपराधीपणा, संसार आणि भाऊ यांतली ओढाताण हे उपचाराचेच भाग आहेत, हे इतक्या स्वच्छपणे मोठ्या हिंदी चित्रपटांनी क्वचितच दाखवलं आहे. याच दिग्दर्शकांच्या ‘कासव’ला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं. त्याचे निर्माते आणि त्यात भूमिका केलेले डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि हे जाणतेपण प्रत्येक दृश्यात जाणवतं. आत्महत्येचा प्रयत्न करून निघालेल्या तरुणाला (आलोक राजवाडे) जानकी (इरावती हर्षे) कोकणातल्या घरी आणते. ती ‘का केलंस?’ असं विचारत नाही. जेवायला बोलावते, तो आला नाही तर ताट झाकून ठेवते अशा जातीचं ते वागणं आहे. रोजचं जेवण, ठरलेली वेळ, दाराआडून जाणवणारी सोबत, आणि बोलण्याची सक्ती नाही. नैराश्यातल्या माणसाच्या घरच्यांना जे आम्ही समुपदेशक तासभर समजावतो, ते इथे मौनातून कळतं. एकच इशारा द्यायला हवा. माया हा उपचाराचा आधार आहे, पर्याय नाही. आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं हलवायला हवीत आणि पहिले काही आठवडे माणसाला एकटं ठेवायचं नाही. पोलिसांच्या भीतीने लोक दवाखाना टाळतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि सहसा त्याच्यावर खटला चालवता येत नाही.

‘डिअर जिंदगी’ पाहून कुणी शोधायला निघालं, तर ठाण्यात वाटा आहेत. आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था इथे १९९० पासून काम करते आहे. मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग फक्त दाखल होणाऱ्यांसाठी नाही. साध्या तक्रारीसाठीही तिथे जाता येतं. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास, मराठीतही मिळते. खासगी ठिकाणी वेळ घेताना फोनवरच तीन गोष्टी विचाराव्यात. शिक्षण आणि नोंदणी काय? मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि तोच औषध लिहितो, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, समुपदेशकाकडे मानसशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालचा अनुभव असावा. कोणत्या पद्धतीने काम करता? आणि साधारण किती भेटींनंतर आपण आढावा घेऊ? तिसऱ्या प्रश्नावर जो ‘तुम्ही आधी या तर’ एवढंच म्हणतो, त्याच्याकडे जाण्याआधी दुसरीकडे एक फोन करावा.

घरी दाखवायचे असतील तर क्रम असा ठेवा: समुपदेशनाला घाबरणाऱ्या मुलामुलींसाठी आधी ‘डिअर जिंदगी’, पालकांसाठी ‘कासव’, आणि दीर्घ आजार असलेल्या घरांत ‘देवराई’. ‘कासव’ मात्र नुकत्याच अशा प्रसंगातून गेलेल्या माणसाला एकट्याने पाहू देऊ नका. शेजारी बसा, आणि पाहून झाल्यावर त्याला बोलायचं नसेल तर नुसता चहा करा.